सहाव्या जागेचं वजन

दंतवैद्याने ती गोष्ट जेवता जेवता सहज बोलून टाकली होती. दिवसभर लोकांच्या तोंडात बोटं घालणारा माणूस संध्याकाळी स्वतःच्या तोंडाने जे बोलतो ते घरात कुणी फारसं मनावर घेत नाही. "एकदा शिडाची बोट भाड्याने घ्यावी," तो म्हणाला. "घरचे सगळे. किनाऱ्याकिनाऱ्याने जावं, एखाद्या बेटावर तंबू ठोकावा, तीन दिवस तिथेच राहावं." त्याची बायको म्हणाली, "मीठ दे जरा." मीठ दिलं गेलं आणि विषय संपला.

म्हणजे संपायला हवा होता. पण टेबलाच्या टोकाला अक्का बसल्या होत्या.

अक्का म्हणजे दंतवैद्याची मोठी बहीण. लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची हिंमत कुणाला झालेली नव्हती. चौतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या इस्पितळाचं भांडार सांभाळलं होतं. कापूस, पट्ट्या, सुया, चादरी, साबण, सगळं त्यांच्या सहीने आत यायचं आणि त्यांच्या सहीने बाहेर जायचं. त्यांनी नाही म्हटलं की शस्त्रक्रिया करणारे मोठे डॉक्टरसुद्धा खिडकीशी उभे राहून गयावया करायचे. चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या, तेव्हा साहेबांनी भाषणात "आता आराम करा" असं सांगितलं. अक्कांना आराम हा जिन्नस कोणत्या फळीवर ठेवतात ते ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दंतवैद्याच्या चहाच्या कपाशेजारी एक फाईल होती. वर लिहिलं होतं, "बोट."

आतलं खरं असं होतं की अक्कांना जायचं होतं. गेल्या वीस वर्षांत या घराने अकरा सहली केल्या आणि अकराही वेळा अक्का मागे राहिल्या. पहिल्या दोन-तीन वेळा त्यांना खरंच रजा मिळाली नाही. पुढे "अक्काला रजा कुठे मिळते?" हे उत्तर इतकं मुरलं की प्रश्न विचारायचा राहूनच गेला. सगळे जायचे, फोटो काढायचे, आणि परत आल्यावर अक्कांना फोटो दाखवून कोण कुठे पडलं, कुणाची चप्पल हरवली ते सांगायचे. अक्का सगळं नीट ऐकायच्या आणि चपलेचं माप विचारायच्या. आता निवृत्तीनंतर ते जुनं उत्तर मेलं होतं आणि नवीन अजून कुणाला सुचलं नव्हतं. एवढ्या फटीतून आपण बोटीत शिरायचं, असं अक्कांनी ठरवलं होतं. "मलाही यायचंय" हे तीन वर्षांच्या पोराला जमणारं वाक्य मात्र त्यांना घरात कुणापुढे जमलं नाही. त्याऐवजी त्यांनी फाईल केली.

ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं ते भलत्याच माणसापुढे, बोटीच्या कप्तानापुढे, आणि तेही फोनवर.

"किती माणसं घेता?" अक्कांनी विचारलं होतं.

"सहा. आणि मी."

"तुम्हाला कशात धरता?"

"मला बोटीत धरतो, बाई."

"बेटावर भरतीचं पाणी कुठपर्यंत चढतं?"

"वाळूवर वाळलेल्या शेवाळाची रेघ असते. तिथपर्यंत."

"त्या रेघेपासून तंबू किती पावलं वर लावायचा?"

"तीस."

"तीस, की तीसच्या आसपास?"

 मग कप्तान म्हणाला, "चाळीस लिहा." आणि पुढे, "आजवर इतके प्रश्न कुणी विचारले नाहीत. सहलीच्या कंपनीत असता का?"

"नाही. मी पण येणार आहे," अक्का म्हणाल्या. फोन ठेवला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण बसून बोलत होतो आणि आता उभ्या आहोत.

कप्तानाची अट एकच होती. माणसं आणि सामान मिळून साडेसहाशे किलो. त्यावर गेलं तर तो शीड उघडत नसे. अक्कांना ही अट फार आवडली. इतक्या दिवसांत प्रथमच कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

त्या रविवारी त्यांनी सगळ्या घराचं वजन केलं.

त्यांच्या खोलीत इस्पितळाने मोडीत काढलेला जुना काटा होता. उभा खांब, पितळी दांडी, दांडीवर सरकणारी वजनं. माणसाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, मागे अक्का वजनं सरकवणार, आकडा वाचणार आणि वहीत लिहिणार. वहीला पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. इस्पितळात अशी बांधलेली नसली की डॉक्टर लोक पेन्सिली खिशात घालून नेत.

दंतवैद्य अठ्ठ्याऐंशी. भाची, म्हणजे दंतवैद्याची मुलगी, सहासष्ट, ही नुकतीच वकील झालेली होती आणि काट्यावरसुद्धा हरकत घेतल्यासारखी उभी राहिली. तिचा नवरा, म्हणजे घरचे जावईबापू, यांचं गाद्यांचं दुकान होतं आणि त्यांची तब्येत मालाची जाहिरात करणारी होती. नव्व्याण्णव. भाचा सत्याहत्तर, तो चढताना गिटार खाली ठेवायला विसरला, म्हणून त्याला दोनदा चढवलं. स्वतः अक्का पंचावन्न.

राहिली भावजय. तिने काट्यावर चढायचं नाही असा कित्येक वर्षं नेम पाळला होता. वजन विचारलं की "असेल अडुसष्ट-एकोणसत्तर" असं ती छताकडे बघून सांगायची, आणि नवरा, मुलं, छत, कुणीच तिला उलट बोलत नसे.

"मी तोंडीच सांगते ना," ती म्हणाली.

"तोंडी माल मी कधी घेतला नाही," अक्का म्हणाल्या.

भावजय चढली. वजनं सरकली. दाराशी जावईबापू उभे होते, मागे भाचा.

"साडेब्याऐंशी," अक्का म्हणाल्या. भांडारात या फळीवरून त्या फळीपर्यंत ऐकू जावं अशा आवाजाची त्यांना सवय होती. तो आवाज बैठकीच्या खोलीपर्यंत गेला आणि तिथे पेपर वाचणाऱ्या दंतवैद्याने पान उलटलं.

"आई, उंचीच्या मानाने तसं फार—" जावईबापू म्हणाले.

"उंची कुणी विचारली?" भावजय म्हणाली आणि काट्यावरून उतरली. त्या दिवसापासून तिने रात्रीचं जेवण सोडलं. सगळे जेवायला बसले की ती समोर एका बशीत काकडीच्या चकत्या घेऊन बसायची आणि एकेक चकती अक्कांकडे बघत चावायची. चावण्याचा आवाज यायचा. अक्का मात्र त्या आठवड्यात सामानाच्या मागे लागल्या होत्या.

"ही घडीची खुर्ची कशाला?" त्यांनी भावाला विचारलं.

"बसायला."

"वाळू आहे."

खुर्ची गेली.

"उश्या चार?"

"झोपायला, आत्या," भाची म्हणाली.

"कपड्यांची पिशवी डोक्याखाली घ्यायची. गिटार?"

"वाजवायला," भाचा म्हणाला.

"ते मला माहीत आहे. वाजवलं नाही तर कुणाला त्रास होतो का?" भाच्याने घरच्यांकडे पाहिलं. कुणालाही त्रास होणार नव्हता. गिटार गेली. जावईबापूंची हवा भरायची गादी आणि तिचा पायाने दाबायचा पंप, ही त्यांच्या दुकानातली सर्वांत अभिमानाची वस्तू होती. अक्कांनी तिच्यावर रेघ मारली तेव्हा पेन्सिलीचं टोक मोडलं. जावईबापूंना थोडं समाधान वाटलं तेवढ्यात अक्कांनी पदराआडून टोकयंत्र काढलं.

खोटं कशाला बोला, अक्कांना हे आवडत होतं. घरात त्या चार महिने कुणीच नव्हत्या. आता परत खिडकीच्या आतल्या बाजूला होत्या.

पुढच्या रविवारी दुपारी बैठक बसली, दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत. तिथे रुग्णांसाठी बरोबर सहा खुर्च्या होत्या आणि भिंतीवर किडलेल्या दाढेचं दोन हात उंच चित्र होतं. अक्कांनी वही उघडली.

"माणसं आणि सामान मिळून साडेसहाशे पाहिजेत. होतायत सहाशे साडेसत्त्याऐंशी. म्हणजे साडेसदतीस जास्त. सामान मी तासून तासून इतक्यावर आणलंय की आता तासायला काही नाही." त्या थांबल्या. पुढचं वाक्य त्यांनी दोन दिवस घोळवून ठेवलं होतं. "जावईबापूंना दुकानातून तीन दिवस निघणं तसं अवघडच असेल..."

"नाही, नाही, मी दुकान बंद ठेवणार आहे, आत्या," जावईबापू खुशीत म्हणाले.

"नव्व्याण्णव किलो," अक्का म्हणाल्या. जणू ते त्याचंच उत्तर होतं.

भाची ताठ झाली. "आत्या, तू माझ्या नवऱ्याला खोडतेयस?"

"मी कुणाला खोडत नाही गं. मी आकडा वाचतेय."

"वाचायचाच आहे तर नीट वाचू या," भावजय म्हणाली. आवाजात साखर होती. आठवडाभर उपाशी असलेल्या माणसाच्या आवाजात साखर आली की घरच्यांनी सावध व्हावं. पण अक्कांनी वही तिच्या हातात दिली. भावजयीचं बोट आकड्यांवरून खाली सरकू लागलं. "साडेसदतीस कमी करायचेत. त्यासाठी नव्व्याण्णव काढायचे? अक्का, भांडारात कुणी साबणाची एक वडी मागितली तर तुम्ही अख्खी पेटी द्यायचात का हो?"

"नाही," अक्का म्हणाल्या. काय करणार, खरोखरच देत नसत.

"मग लागतं तेवढंच काढायचं. तुमची भाची सहासष्ट, तेही जास्त. तुमचा भाचा सत्याहत्तर. हे अठ्ठ्याऐंशी. मी..." तिने तो आकडा बोटाने झाकला आणि पुढे गेली. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. "हे बघा. पंचावन्न. सर्वांत कमी नासाडी."

 मग सगळे एकदम बोलू लागले, कारण पहिला बोलून झाला होता.

"तसंही आत्या, वाळूत झोपायचं म्हणजे तुझ्या कंबरेचं काय होईल?" भाचा म्हणाला. अक्कांच्या कंबरेला आजवर काही झालेलं नव्हतं.

"आणि धक्क्यावरून गाडी परत आणायला कुणीतरी लागेलच," भाची म्हणाली. "आत्या छान चालवते."

"खूपच छान," जावईबापू म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर फाशी टळलेल्या माणसाचं तेज होतं.

अक्कांनी भावाकडे पाहिलं. तो किडलेल्या दाढेकडे पाहत होता. लहानपणी हा पोहायला शिकत होता तेव्हा अक्का तळ्याच्या काठावर त्याचे कपडे धरून उभ्या राहायच्या. "अक्का, तुला काय वाटतं?" त्याने शेवटी विचारलं. हा प्रश्न तो आयुष्यभर ज्यांच्या तोंडात नळी, कापूस आणि आरसा एकदम कोंबलेला आहे अशाच लोकांना विचारत आला होता. उत्तराची त्याला सवय नव्हती.

"हिशेब बरोबर आहे," अक्का म्हणाल्या.

"अरे, मग साडेसतरा किलो उरतात की!" भाचा ओरडला.

आणि मग तिथल्या तिथे, अक्कांच्याच वहीत, अक्कांच्याच अक्षरात, सगळं परत आलं. खुर्ची चार किलो. गिटार तीन. उश्या चार. गादी पंपासकट साडेसहा. "बरोब्बर साडेसतरा! एका ग्रॅमचीही जागा उरली नाही," जावईबापू म्हणाले. अक्कांनी बेरजेखाली दोन रेघा मारल्या, कारण बेरजेखाली दोन रेघा मारायच्या असतात.

खोलीत येऊन त्यांनी दार लावलं आणि बऱ्याच वेळाने वही पुन्हा उघडली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी अक्कांनी कुणालाही सांगितली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका दुपारी भांडारात पट्ट्या संपल्या होत्या. शस्त्रक्रिया चालू होती. मोठे डॉक्टर रक्ताळलेल्या हातांनी खिडकीशी आले आणि सगळ्या वऱ्हांड्यासमोर या बावीस वर्षांच्या मुलीला असं काही बोलले की ती तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवसापासून तिने प्रत्येक आकड्यात दहावा हिस्सा वाढवून लिहायला सुरुवात केली. शंभर हवेत तर एकशे दहा. फळीवर दहा आहेत तर वहीत नऊ. पुढच्या तेहतीस वर्षांत भांडारात काही म्हणजे काही संपलं नाही. तपासनीस आले, चहा पिऊन गेले. साहेबांनी भाषणात "अचूक" हा शब्द चार वेळा वापरला. हातचं राखायची ही सवय अक्कांच्या हातात इतकी भिनली होती की बोटीच्या वहीत त्यांनी प्रत्येक वस्तूवर दहावा हिस्सा चढवला होता, आणि प्रत्येक माणसावरही. स्वतःवरसुद्धा. अन्याय असा कुणावर केला नव्हता.

त्यांनी खरे आकडे लिहिले आणि बेरीज केली. सहा माणसं, सगळं तासलेलं सामान, मिळून सहाशे पंचवीस. त्यांच्यासकट. वर पंचवीस किलो मोकळे.

जागा होती. पहिल्यापासून होती. फक्त ते सांगायचं म्हणजे चौतीस वर्षांतला एकही आकडा खरा नव्हता, हेही सांगायचं. अक्कांनी सोमवारचा सगळा दिवस फळीवरच्या डब्यांची तोंडं एका बाजूला करण्यात घालवला. मंगळवारी सकाळी न्याहारीला सगळे बसले होते. भाची आणि जावईबापूही तंबू घेऊन आले होते. अक्कांनी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. पट्ट्यांपासून काट्यापर्यंत सगळं. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे मी आले तरी पंचवीस किलो शिल्लक राहतात. आणि..." इथे त्यांनी कपाचा कान सरळ केला, "आणि मलाही यायचंय."

घरात पहिल्यांदा बोलल्या. पण ते वाक्य कुणी ऐकलं नाही, कारण टेबलाच्या दुसऱ्या टोकाला भावजय मनात भागाकार करत होती.

"म्हणजे मी किती?" तिने हळूच विचारलं.

"पंचाहत्तर," अक्का म्हणाल्या.

"पंचाहत्तर."

"हो."

"म्हणजे मी नव्वद!" जावईबापूंनी टेबलावर थाप मारली. "शंभरीत नाहीच मुळी! मी हिला म्हटलंच होतं—"

"तुम्ही गप्प बसा," भाची म्हणाली.

"नऊ दिवस," भावजय म्हणाली. ती ओरडली नाही, हे वाईट होतं. "नऊ दिवस मी काकडी खातेय, अक्का. जावयासमोर तुम्ही मला साडेब्याऐंशी केलंत. शेजारणीने ऐकलं. कामवाली हल्ली मला 'बसा बाई, मी उचलते' म्हणते. आणि ते साडेसात किलो तुमचे होते?"

"सगळ्यांनाच वाढवले गं. सवयीने. तुलाच असं नाही."

"आत्या," भाचीने वकिली आवाज लावला, तो नवा होता आणि तिला तो घालून बघायला आवडत असे, "तू म्हणतेस चौतीस वर्षं तू खोटे आकडे लिहिलेस. मग आज सांगतेस तो आकडा खरा कशावरून?"

अक्का तिच्याकडे बघत राहिल्या. या पोरीला पाढे त्यांनी शिकवले होते. "काटा आहे ना खोलीत. आत्ता सगळ्यांना परत मोजू. आकडा तुम्ही वाचा."

"मी त्या काट्यावर परत चढणार नाही," भावजय म्हणाली. "आणि माझ्याशिवाय तुमची बेरीज होत नाही." मग तिने ताटलीतली एक पोळी उचलली, तिला भरपूर लोणी लावलं आणि नऊ दिवसांनी पहिल्यांदा पोटभर खाल्लं. बाकीचे ते बघत होते. तिचं खाणं संपेपर्यंत विषयही संपला होता.

"असू दे आता, अक्का," दंतवैद्य चमच्याला म्हणाला. "सगळ्यांचं ठरलंय ना एकदा."

कप्तानाला कळवायचं कामही अक्कांनाच करावं लागलं. फाईल त्यांची होती.

"सहाचे पाच झाले," त्या फोनवर म्हणाल्या.

"कोण गळलं? आजारी पडलं का कुणी?"

"नाही. जड झालं."

"किती जड? इथे धक्क्यावर माझा काटा आहे. निघताना माणूस, पिशवी, सगळं मी स्वतः मोजतो. दुसऱ्याच्या आकड्यावर मी बोट पाण्यात घालत नाही."

अक्कांनी फोन ठेवला. मग त्यांनी एक लहान पिशवी भरली. दोन कपडे, टॉवेल, टॉर्च, कॅनव्हासचे बूट. निघायच्या दिवशी पहाटे, सगळे तंबूच्या दोऱ्यांवरून भांडत असताना, ती पिशवी त्यांनी गाडीत चालकाच्या जागेखाली सरकवली.

धक्का लांब होता आणि लाकडाचा होता. टोकाला बोट डुलत होती, शीड गुंडाळलेलं. काटा जमिनीसरसा होता, त्याची तबकडी एवढी मोठी की सगळ्या धक्क्याला आकडा दिसावा. कप्तान हा बुटका, काळवंडलेला माणूस होता. त्याने सामान मोजलं, मग भाऊ, भाची, जावईबापू, भाचा.

"बाई, आता तुम्ही," तो भावजयीला म्हणाला.

"माझं घरी झालंय."

"इथे नाही झालं. मोजल्याशिवाय मी कुणाला घेत नाही."

भावजयीने समुद्राकडे पाहिलं, मग अक्कांकडे पाहिलं, आणि चढली. काटा थरथरत त्र्याहत्तरवर थांबला. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. हळूहळू, वर चढणाऱ्या पाण्यासारखं. "त्र्याहत्तर," तिने मोठ्याने वाचलं, जावईबापूंना ऐकू जावं म्हणून परत वाचलं. अक्कांना बरं वाटलं. त्यांना वाटलं, आता हिचा राग गेला.

कप्तानाने पेन्सिल कानामागे खोचली. "पाचशे एकोणनव्वद. अहो, एकसष्ट किलो मोकळे आहेत! कुणी सांगितलं तुम्हाला जड झालं म्हणून?" तो अक्कांकडे वळला. "तुमचा आवाज ओळखला मी. शेवाळाच्या रेघेवाल्या ना तुम्ही? तुमचं वजन पन्नासच्या वर नसणार, मला नुसतं बघून कळतं. जागा सहाची आहे, जाकिटं मी सहा आणलीत. चला की."

वारा चांगला होता. शिडाच्या दोऱ्या डोलकाठीवर टकटक आपटत होत्या. अक्कांनी गाडीकडे पाहिलं. गाडी पन्नास पावलांवर होती. पिशवी आणायला एक मिनिट लागलं असतं. त्यांनी एक पाऊल टाकलंसुद्धा. मग थांबल्या. घरच्यांपैकी कुणीतरी एकाने "चल" म्हणावं, एवढंच हवं होतं. एकाने पुरे होतं.

भाचा गिटारची पिशवी परत परत बंद करत होता. भाची फोनमध्ये बघत होती. तिथे धक्क्यावर फोन लागत नव्हता. जावईबापूंनी तोंड उघडलं, ते भले गृहस्थ होते, पण बायकोने कोपर लावलं आणि ते मिटलं. भावजय जाकिटाचे बंद बांधत होती. तिने मान वर न करता, अगदी हळू, नवऱ्याला म्हटलं, "तुझी बहीण आहे. तू सांग."

दंतवैद्याने घसा साफ केला. दात काढायच्या आधी तो रुग्णाला "अजिबात दुखणार नाही" म्हणतो तोच आवाज त्याने लावला.

"तिला बोट लागते हो," तो कप्तानाला म्हणाला. "लहानपणापासून. फार त्रास होतो. म्हणूनच नाही येत ती."

अक्का जन्मात बोटीत बसल्या नव्हत्या. हे भावाला माहीत होतं, आणि त्याला ते माहीत आहे हे अक्कांना माहीत होतं. तो त्यांच्याकडे बघत होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस, गळ्यात नारिंगी जाकीट, आणि डोळे तळ्याच्या काठी कपडे मागणाऱ्या पोराचे. आता त्या खोटं आहे म्हणाल्या असत्या, तर परक्या माणसासमोर, चारचौघांत, भावाचं तोंड काळं झालं असतं.

"हो," अक्का म्हणाल्या. "लागते. बघा ना, नुसती धक्क्यावर उभी आहे तरी मळमळतंय."

"अरेरे," कप्तानाला खरंच वाईट वाटलं. इतक्या सगळ्यांत तो एकटाच होता. "त्यावर एक उपाय आहे बाई. लांब समुद्रात काहीतरी एकच गोष्ट धरायची आणि तिच्यावरून नजर हलवायची नाही. दहा मिनिटांत उतरतं."

"बरं."

भाचीने गाडीच्या किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. "शुक्रवारी दुपारी चारला घ्यायला ये, आत्या. आणि जमलं तर गाडी धुवून ठेव, आत फार वाळू होणार आहे." सगळे बोटीत उतरले. सहाव्या जागेवर खुर्ची मांडली गेली आणि भावजय तिच्यात बसून बघू लागली, नीट बसता येतं का. येत होतं. दोरी सुटली. शीड वर गेलं, पोटात वारा भरून घेतला, आणि बोट अशी सहज निघाली की धक्क्याला कळलंही नसेल. सगळ्यांनी हात हलवले. भावाचा हात सर्वांत जास्त वेळ हलत होता.

अक्का धक्क्याच्या टोकाशी उभ्या राहिल्या. कप्तानाने सांगितलं तसं त्यांनी लांब समुद्रात काहीतरी एक धरायला पाहिलं. आभाळ मोकळं होतं, पाणी मोकळं होतं, आणि धरण्यासारखं त्यात फक्त ते एक पांढरं शीड होतं. त्यांनी ते धरलं. नजर हलवली नाही. शीड लहान होत गेलं.

घड्याळात दहा मिनिटं झाली. मळमळ तशीच होती.